आधीच्या पुस्तकांचं काय करायचं?

हैदराबादेतल्या दिलसुखनगरच्या साईमंदिरात आरती होते ती मराठीत. म्हणणारे बहुतेक सगळे तेलुगू. हातातल्या पुस्तिकेत मराठी शब्द तेलुगू लिपीत छापलेले असतात, आणि वर्षानुवर्षं गुरुवार न चुकवलेल्या बायकांना तर पुस्तिकाही लागत नाही. या आरत्यांत माधवराव अडकरांची रचना आहे, कवी भीष्मांच्या आहेत, तुकोबा-नामदेव आहेत आणि दासगणूही आहेत.

दासगणू म्हणजे गणपतराव दत्तात्रेय सहस्रबुद्धे (१८६८–१९६२). पोलीस खात्यात शिपाई, आणि तमाशाचा भारी नाद. लावण्या रचायचे, फडात रमायचे. नानासाहेब चांदोरकरांबरोबर शिर्डीला गेले, साईबाबांनी नोकरी सोडायला लावली आणि गणपतरावांचे दासगणू झाले. पुढं ‘भक्तलीलामृत’, ‘संतकथामृत’ आणि १९३९ साली शेगावच्या गजानन महाराजांवरचा एकवीस अध्यायांचा ‘श्री गजानन विजय’. नांदेड ही त्यांची कर्मभूमी तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होती, म्हणजे या बाजूच्या मराठी माणसाला ते घरचेच.

ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे, पण नेहमी भक्तांच्या बाजूनं. ज्या फडात त्यांची लावणी गायली जात होती, तिथल्या श्रोत्यांना काय वाटलं? आपला लावणीकार गेला, आता नवी रचना येणार नाही, हे कळल्यावर कुणी हळहळलं का? याची नोंद कुणी ठेवलेली नाही. ठेवावीशी वाटली नाही, हेच मला अधिक बोलकं वाटतं.

अशी नोंद सविस्तर सापडते ती दूर अमेरिकेत, अ‍ॅन राइस यांच्या बाबतीत. न्यू ऑर्लिन्समधल्या कॅथलिक घरात वाढलेल्या या बाईंनी अठराव्या वर्षी चर्च सोडलं. १९७२ मध्ये त्यांची लहानगी मुलगी मिशेल रक्ताच्या कर्करोगानं गेली. त्या दुःखातून ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ ही कादंबरी आली (१९७६). तिच्यात क्लॉडिया नावाची पिशाच्च झालेली पोर आहे. तिचं मन वाढत जातं, शरीर मात्र लहानच राहतं. रक्त पिणाऱ्या अमर जिवांना राइस यांनी स्वतःचा आवाज दिला: आपण कोण, आपल्याला कुणी घडवलं, देव असेल तर आपल्यासारख्यांना त्यानं का राहू दिलं, हे प्रश्न ते स्वतःच्याच तोंडानं विचारू लागले. पुढची पंचवीस-सत्तावीस वर्षं लाखो वाचकांनी हा आवाज ऐकला. १९९८ मध्ये राइस चर्चकडे परतल्या, २००२ मध्ये नवरा गेला, आणि त्यांनी जाहीर केलं की यापुढं लिहीन ते ख्रिस्तासाठीच. २००५ मध्ये आलेली ‘ख्राइस्ट द लॉर्ड: आउट ऑफ इजिप्त’ ही कादंबरी सात वर्षांचा येशू स्वतः सांगतो.

वाचक दुभंगले. जुन्या वाचकांना वाटलं, आपल्याला वाऱ्यावर सोडलं. लेस्टॅट या पिशाच्चनायकावर जीव लावून बसलेल्यांत असे अनेक होते, ज्यांना धर्मानं आणि घरानं दारं बंद केली होती. त्या कादंबऱ्यांत त्यांना आसरा मिळाला होता. लेखिकाच त्या बंद दारातून आत गेली तर त्यांना दुखावल्यासारखं होणारच. दुसरीकडे काही श्रद्धाळू वाचकांनी हरवलेलं लेकरू घरी आल्यासारखं स्वागत केलं, तर काहींनी संशय घेतला, की जिनं पिशाच्चं रंगवली, टोपणनावानं शृंगारिक पुस्तकंही लिहिली, तिनं प्रभूच्या तोंडी शब्द घालावेत का?

रुसलेल्या वाचकाला हसण्यावारी नेणं सोपं आहे. लेखक कुणाच्या बापाचा नोकर नाही, त्याला हवं ते तो लिहील, हे बरोबरच. पण वाचकानं त्याला केवळ पैसे दिलेले नसतात. रात्री, एकटं, घाबरलेलं असताना ज्याचा हात धरला, त्याच्याशी जडलेलं नातं खरेदी-विक्रीचं नसतं. अशा वाचकाच्या तक्रारीत खोटं काही नाही. ती नव्या पुस्तकाकडे न पाहताच केलेली असते, एवढाच तिचा दोष.

नव्या पुस्तकाकडे पाहिलं तर काय दिसतं? ‘आउट ऑफ इजिप्त’मधलं कुटुंब अलेक्झांड्रियाहून नाझरेथला परत निघालेलं आहे. मुलाला जाणवत असतं की आपल्या जन्मावेळी बेथलेहेमात काहीतरी घडलं, आणि मोठी माणसं ते आपल्यापासून लपवतात. विचारलं की गप्प होतात, विषय बदलतात. अखेर त्याला कळतं: आपल्याला शोधताना राजाच्या माणसांनी तिथली तान्ही पोरं कापून काढली. आपण जिवंत आहोत आणि ती गेली, हे सात वर्षांच्या जिवानं कसं पेलायचं? बायबलमधली ही घटना लाखो लोकांनी वाचली आहे. पण घरातल्या मौनामागं काहीतरी भयंकर दबा धरून बसलंय, ही भावना पानोपानी ताणत नेणं हे भयकथाकाराचंच काम आहे. ते त्याच हातानं केलं आहे ज्या हातानं क्लॉडिया लिहिली. मेलेली लेकरं आणि उरलेल्यांचा अपराधभाव १९७६ मध्येही होता, २००५ मध्येही आहे. मधल्या ‘मेमनॉक द डेव्हिल’मध्ये (१९९५) तर लेस्टॅट थेट देवासमोर आणि सैतानासमोर जाऊन उभा राहतो. म्हणजे धर्म या लेखिकेकडे अचानक आला नव्हता, आणि भीती तिला सोडूनही गेली नव्हती. आधीची पुस्तकं तिनं नाकारलीही नाहीत.

मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. नारायण धारपांच्या (१९२५–२००८) कथांत ‘समर्थ’ येतात. अघोर शक्तीपुढं माणूस हतबल झाला की ते उपासनेच्या बळावर उभे राहतात. धारप वाचत वाढलेल्या पिढीला भय आणि भक्ती एकाच पुस्तकात भेटली. माझं मत असं, की समर्थ आल्यावर कथेतली हवा थोडी कमी होते, कारण आता सगळं ठीक होणार हे वाचक ओळखतो. ‘लुचाई’सारख्या कादंबरीतली धास्ती मला त्यामुळंच जास्त मोलाची वाटते. रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिल्या आणि महाभारतातल्या युद्धानंतरच्या म्हाताऱ्यांवर ‘आरण्यक’ही लिहिलं. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर वनात मरणाची वाट पाहत बसलेले आहेत. गूढकथेचा वाचक त्यामुळं रुसला असं काही घडलं नाही. मतकरी दोन्हींकडे एकाच वेळी ये-जा करत राहिले, त्यांनी एक दार लावून दुसरं उघडलं नाही.

दार लावूनच उघडायचं, असं मानणारी परंपरा मात्र आपलीच. अनंत फंदी तमाशा गाजवत होते. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यानं ते कीर्तनाकडे वळले, असं सांगतात. सोलापूरचे राम जोशी मोरोपंतांच्या सहवासानं कीर्तनाकडे वळले, असंही सांगतात. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटानं ती कथा घरोघर नेली. त्याच्याही आधी वाल्या कोळी आहेच. या सगळ्या कथांना एकच शेवट असतो: वळण आलं, माणूस उद्धरला, गोष्ट संपली. पुन्हा मागं वळणाऱ्यासाठी आपल्याकडे गोष्टच नाही.

राइस मात्र मागं वळल्या. २०१० मध्ये त्यांनी जाहीर केलं की ख्रिस्तावरचा विश्वास कायम आहे, पण ख्रिश्चन म्हणवून घेणं सोडते. समलिंगी माणसांच्या विरोधात, स्त्रीवादाच्या विरोधात उभं राहायला नकार हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी होतं. त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर स्वतः कादंबरीकार आणि समलिंगी. येशूमालिकेतलं दुसरं पुस्तक २००८ मध्ये आलं होतं, ठरवलेलं तिसरं आलंच नाही. २०१४ मध्ये लेस्टॅट परतला. २०२१ मध्ये त्या गेल्या. २००५ मध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांची २०१० मध्ये पंचाईत झाली. त्यांना वळण हवं होतं, पण ते शेवटचं हवं होतं. रुसलेल्यांना त्यांची लेखिका परत मिळाली, मात्र तिच्यासोबत येशूवरची दोन पुस्तकं आणि एक आत्मकथनही आलं, आणि ते वाचल्याशिवाय नंतरचा लेस्टॅट पुरता कळत नाही.

इथल्या तेलुगू मित्रांशी हा विषय काढला की ते चलमपाशी जातात. गुडिपाटि वेंकटचलम (१८९४–१९७९) यांनी ‘मैदानम’ लिहिलं. नवऱ्याला सोडून प्रियकराबरोबर निघून जाणाऱ्या राजेश्वरीची ही कादंबरी १९२० च्या दशकातली, तिच्यावरून गदारोळ झाला. तेच चलम १९५० मध्ये रमण महर्षींच्या अरुणाचलाला जाऊन राहिले, अखेरपर्यंत तिथंच राहिले आणि अध्यात्मावर लिहू लागले. त्यांच्या बंडावर वाढलेल्या अनेकांना हा पराभव वाटला, तर भाविकांना हे फलित वाटलं. अजूनही मित्रमंडळीत चलमचं नाव निघालं की ‘कुठले चलम?’ असा प्रश्न येतो. मला या वादाचा हेवा वाटतो. कारण तेलुगू वाचकानं ‘मैदानम’ हातातून सोडलेलं नाही, ते अजून छापलं जातं, वाचलं जातं, त्यावर भांडलं जातं.

याच भाषेत यंडमूरि वीरेंद्रनाथ यांचं वळण वेगळंच. ऐंशीच्या दशकात चेटूक-करणीवरच्या ‘तुलसिदळम’नं त्यांना अफाट वाचक दिले. रंगनायकम्मांसारख्या लेखिकेनं त्या कादंबरीवर कडाडून टीका केली. नंतर यंडमूरि धर्माकडे न जाता यशाकडे गेले, ‘विजयानिकि ऐदु मेट्लु’ हे व्यक्तिमत्त्व घडवण्याचं पुस्तक लिहून. दिलसुखनगरात शिकवण्या आणि वसतिगृहांची दाटी आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली, परीक्षांच्या धास्तीत जगणारी मुलं इथं राहतात. त्यांना आज करणीपेक्षा निकालाची भीती जास्त, आणि ती घालवणारं पुस्तक हवं असतं. कुणी यंडमूरिंना दगा दिला म्हणत नाही. आपल्या काळाचं दैवत कोणतं, हे अशा वेळी दिसून येतं.

रुसणाऱ्या वाचकापेक्षा टाळ्या वाजवणारा वाचक मला जास्त नुकसानकारक वाटतो. रुसणारा नवं पुस्तक टाकून देतो, पण जुनं छातीशी धरून ठेवतो. टाळ्या वाजवणारा जुनं पुसून टाकतो, आणि लेखकाचं भलं केल्याच्या भावनेनं पुसतो. राम जोशींच्या लावण्या टिकल्या, कारण त्या गाणाऱ्यांनी सोडल्या नाहीत. दासगणूंच्या लावण्यांना तेवढं नशीब लाभलं नाही. त्यांच्या चरित्रात त्या फक्त एका वाक्यापुरत्या येतात, ‘आधी असं होतं’ हे सांगायला.

पण ‘गजानन विजय’ जरा जवळून वाचा. मंगलाचरण सरतं आणि पहिल्याच अध्यायात शेगावात एक तरुण उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना दिसतो. पंगत आत झाली आहे, पत्रावळी बाहेर फेकलेल्या आहेत. बंकटलाल थबकतो. हा वेडा की कोण, हे त्याला ठरवता येत नाही, आणि ग्रंथकार त्याला लगेच ठरवूही देत नाही. मुख्य पात्राला असं, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, उकिरड्यापाशी आणायचं आणि पाहणाऱ्याची उत्सुकता ताणून धरायची, हे कसब कोणत्याही पोथीशाळेत शिकवत नाहीत. फडात रात्र काढलेल्या माणसाला समोरचा प्रेक्षक कधी सावरून बसतो ते ठाऊक असतं. ओवीची ती सरळ, बोलकी चाल, जी आज पारायणाला बसलेल्या कमी शिकलेल्या बाईलाही अडत नाही, तीही तिथूनच आली असावी असं मला वाटतं. खात्रीनं म्हणायचं तर दोन्ही प्रकारचं लेखन शेजारी ठेवून तपासावं लागेल.

ते काम कुणी तरी हाती घ्यावं. नांदेड-परभणीकडच्या जुन्या घरांत, नगरकडच्या फडांच्या बाडांत गणपतराव सहस्रबुद्ध्यांच्या नावावर जे काही सापडेल ते गोळा करावं, खरं-खोटं पारखावं आणि छापावं. शृंगारिक असेल तर शृंगारिक म्हणून, कच्चं असेल तर कच्चं म्हणून. संतचरित्रकाराच्या समग्र वाङ्मयात लावण्या कशा, असं विचारणारे भेटतील. त्यांना दासगणूंच्या भक्तीची काळजी असते हे मी समजू शकतो. ज्या माणसानं पोलिसाची नोकरी आणि तमाशाचा नाद सोडला, त्यानं नेमकं काय सोडलं हे न पाहता त्याच्या सोडण्याची किंमत कशी कळणार, एवढंच मला त्यांना विचारायचं आहे.