बोजा सातबाऱ्यावर, माणसावर नाही



१९ मार्च हा संत जोसेफ यांचा सण. याच तारखेला, १९८६ साली, आपल्या जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी व चार मुले असे सारे कुटुंब कर्जापायी संपले. त्यांच्या स्मरणार्थ २०१७ पासून दरवर्षी या दिवशी अनेकजण अन्नत्याग करतात. आपणही त्यांना प्रार्थनेत आठवूया.

कपाशी हातची गेली, हप्ता थकला, की आपल्याला वाटू लागते, आता माझी काय किंमत? चारचौघांत जायची लाज वाटते. अशा वेळी संत जोसेफकडे पाहूया. चारही शुभवर्तमानांत त्यांच्या तोंडचा एकही शब्द नाही. मंदिरात त्यांनी दिलेले अर्पण गरिबाचे, पाखरांच्या जोडीचे. नाझरेथकरांनी येशूला हिणवले, तेही सुताराचा मुलगा म्हणून. तरी देवाने आपला पुत्र याच कष्टकऱ्याच्या हाती सोपवला.

बोजा चढतो तो सातबाऱ्यावर. देवाच्या नजरेतले आपले मोल त्याने घटत नाही. प्रार्थनेने कर्ज फिटत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण ते ओझे कोणी एकट्याने वाहू नये, म्हणून तर आपण एक धर्मग्राम आहोत.

या आठवड्यात, मिस्साला न दिसलेल्या एका घरी जाऊया. उपदेश नको, बसूया, ऐकूया. आणि आपलेच मन खचले असेल, तर आजच फादरांना किंवा शेजाऱ्याला सांगूया.

संत जोसेफ यांच्या मध्यस्थीने प्रभू आपली घरे सांभाळो. आमेन.