दक्षिणा कोणाची, फळ कोणाचे?

गेल्या चातुर्मासात आमचा मामेभाऊ चार दिवस बडोद्यास आमच्या घरी राहून गेला. तो परगावी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. रात्रीची जेवणे आटोपून ओसरीवर बसलो असता त्याने आपली एक हकीकत सांगितली. त्याच्या महाविद्यालयाने एका कारखान्याशी करार केला होता. कारखान्याने आपली एखादी खरीखुरी अडचण विद्यार्थ्यांपुढे ठेवावी आणि विद्यार्थ्यांनी वर्षभर खपून तिच्यावर तोड काढावी, असा तो करार. अडचण अशी होती की, कापड रंगविल्यावर जे ऊन पाणी सोडून द्यावे लागते त्यातील उष्णता परत मिळवू गेले, तर पाण्यातील तंतू नळ्यांत अडकून यंत्र आठवड्याभरात बंद पडे. आमचा भाऊ आणि त्याचे चार सोबती आठ महिने त्यामागे लागले. अखेरीस तंतू आधीच अडविणारी व आपोआप धुतली जाणारी एक साधी जाळी त्यांनी बसवून दाखविली. कारखान्याने ती उचलली. पुढे कारखान्याच्या पत्रकात तिचे कौतुक छापून आले. मुलांचा त्यात कोठे उल्लेख नव्हता. वर्षारंभी सही केलेला कागद काढून पाहिला, तेव्हा सर्व हक्क आपण अगोदरच सोडून दिले होते असे त्यांस कळून आले.

"दादा, आम्ही फसलो का?" असे त्याने विचारले.

आम्ही पुरोहिताच्या घरातले. उत्तर जिभेवर तयार होते. गीतेतील निष्काम कर्माचा उपदेश आम्ही त्यास ऐकविला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "मग तो उपदेश कारखान्याला का लागू नाही? त्यानेही फळ सोडावे." आम्ही निरुत्तर झालो. ज्याच्या हातून काही गेले आहे त्यास वैराग्य शिकविणे फार सोपे असते, आणि आम्ही तेच केले होते, याची त्या रात्री लाज वाटली. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुढे गेले नाही. यंत्रशास्त्रात आम्हांस गती नाही. परंतु हा प्रश्न यंत्राचा नव्हे, न्यायाचा आहे, म्हणून तो मनातून जाईना. त्यानंतर जे वाचले, विचारले व ताडून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ही पद्धत आजकालची नव्हे. अमेरिकेत सिनसिनाटी येथील विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 साली 27 विद्यार्थी घेऊन एक आठवडा वर्गात व एक आठवडा कारखान्यात असा क्रम सुरू केला. पण कारखान्याने आपला अनुत्तरित प्रश्नच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, ही कल्पना ठळकपणे दिसते ती कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट गावच्या हार्वे मड कॉलेजात. 1955 साली स्थापन झालेल्या या लहानशा संस्थेत जॅक आल्फर्ड आणि मॅक गिल्केसन या दोन अध्यापकांनी 1963 साली 'क्लिनिक' या नावाने हा उपक्रम आरंभिला व तो आजही चालू आहे. चार-पाच विद्यार्थ्यांचा एक गट, त्यांवर एक अध्यापक, आणि कंपनीकडून बोलण्याचालण्यास नेमलेला एक मनुष्य, अशी त्याची रचना. कंपनी संस्थेस शुल्क देते आणि निघालेल्या शोधाचे हक्क घेते. हे सारे आरंभीच लिहून ठेवलेले असते.

'क्लिनिक' हे नाव वैद्यकावरून घेतले आहे, आणि ते मोठ्या विचाराने घेतले असावे असे आम्हांस वाटते. वैद्यकाचा विद्यार्थी केवळ ग्रंथ वाचून वैद्य होत नाही. त्यास रोग्याच्या उशाशी उभे राहावे लागते. पुस्तकातील उदाहरणाचे उत्तर शेवटच्या पानावर छापलेले असते, रोग्याचे तसे नसते. कित्येकदा प्रश्न कोणता हेच प्रथम शोधून काढावे लागते. आमच्या भावास कारखान्याने सांगितले होते की यंत्र वाईट आहे. दोष यंत्रात नसून पाण्यात आहे, हे कळावयास त्यास दोन महिने लागले. ते दोन महिने कोणत्याही वर्गात मिळाले नसते, हे तो स्वतःही कबूल करतो. यास्तव ही पद्धतच मोडावी असे म्हणणारांत आम्ही नाही.

परंतु रुग्णालयाची उपमा पुढे नेली की ती अडते. तेथे उशाशी उभा राहणारा विद्यार्थी धडधाकट आणि खाटेवरचा माणूस दुबळा असतो. म्हणून रोग्याचे हित आधी व विद्यार्थ्याचे शिक्षण मागाहून, हा क्रम सर्वांस मान्य होतो. येथे खाटेवर कंपनी आहे. ती श्रीमंत आहे, तिच्या पदरी वकील आहेत. आणि उशाशी उभे असलेले पोर वडिलांनी काढलेल्या कर्जावर शिकत आहे.

या जागी आमच्या घरचीच विद्या आम्हांस आठवली. यज्ञात मंत्र म्हणतो ऋत्विज, आहुती टाकतो ऋत्विज, आणि फळ मिळते यजमानास. हा अन्याय नव्हे काय, असा प्रश्न मीमांसकांनी फार पूर्वी स्वतःस विचारला आहे. त्यांचे उत्तर असे की, यजमानाने दक्षिणा देऊन ऋत्विजाचे श्रम विकत घेतलेले असतात. म्हणून कर्म त्याचे व फळही त्याचे. दक्षिणा हा उपकार नव्हे, ते मोल आहे. यास्तव दक्षिणेवाचून केलेला यज्ञ व्यर्थ मानला जातो. आणि संकल्प हा कर्माच्या आरंभी, उघड्या आवाजात, नाव-गोत्र उच्चारून करावयाचा असतो. समाप्तीनंतर कानात सांगावयाचा नसतो.

याच शास्त्रात सत्र नावाचा दुसरा प्रकार सांगितला आहे. सत्रास सतरापासून चोवीसपर्यंत माणसे बसतात. त्यांतील प्रत्येक जण ऋत्विजही असतो आणि यजमानही असतो. तेथे कोणी कोणास दक्षिणा देत नाही व फळ सर्वांस मिळते. म्हणजे दक्षिणा घ्यावी आणि फळ सोडावे, अथवा दक्षिणा सोडावी आणि फळात भागी व्हावे, असे दोन मार्ग झाले. दक्षिणा नाही आणि फळही नाही, असा तिसरा मार्ग आमच्या वडिलांनी कधी ऐकला नाही. आम्ही मुद्दाम त्यांस विचारले.

आमच्या भावाच्या बाबतीत नेमका हा तिसरा मार्ग घडला. कारखान्याने जी रक्कम दिली ती महाविद्यालयास मिळाली. मुलांनी त्या वर्षीचे शुल्क महाविद्यालयात भरलेच होते. गुण मिळाले हे खरे. पण गुण तर परीक्षेतही मिळतात, त्यासाठी कोणी हक्क लिहून घेत नाही. शिक्षण हीच दक्षिणा, असे कोणी म्हणेल. त्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते म्हणावयाचे कोणी? शिक्षण महाविद्यालयाने दिले व त्याचे मोल घेतले. कारखान्याने दिली ती अडचण.

दुसरी बाजू न सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल. कारखान्याने आपले दार उघडले, आकडे दाखविले, एक जाणता माणूस दर आठवड्यास पाठविला. आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक युक्त्या टेबलावर चालतात पण कारखान्यात चालत नाहीत. कच्च्या युक्तीपासून चालत्या वस्तूपर्यंत जो खर्च व धोका येतो तो कंपनीच सोसते. तेव्हा हक्क तिने घ्यावेत यास आमची हरकत नाही. मात्र नाव ही निराळी वस्तू आहे. आपल्या देशाच्या 1970 च्या पेटंट कायद्यात कलम 28 आहे. पेटंट कोणाच्याही मालकीचे असो, खऱ्या संशोधकास त्यात आपल्या नावाचा उल्लेख करून मागता येतो. त्या उल्लेखाने त्यास मालकी मिळत नाही, एवढेच. मालकी विकली तरी कर्तृत्व विकले जात नाही, हा भेद कायद्यानेही ओळखला आहे. घराचा मालक बदलला म्हणून ते बांधणारा गवंडी बदलत नाही.

सरकारतर्फे 2017 पासून भरणाऱ्या 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन'मध्ये मंत्रालये व उद्योग आपले प्रश्न देतात आणि सहा-सहा विद्यार्थ्यांचे गट ते सोडवू पाहतात. पहिल्या वर्षी अंतिम फेरी सलग 36 तासांची होती. इतक्या थोड्या वेळात प्रश्नाचे मूळ हाती लागत असेल असे आम्हांस वाटत नाही. पण मुलांत चैतन्य येते हे डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या बडोद्याचा दाखला निराळाच आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी येथे कलाभवन उभारले. मुंबईस व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासले गेले होते, ते डाग ज्यांनी काढून दाखविले, तेच हे रसायनशास्त्रज्ञ. गज्जरांनी शिष्यांस उद्योगाचे प्रश्न दिले, परंतु ते कोणा परक्या यजमानासाठी नव्हेत. 1907 साली येथे अलेंबिक कारखाना निघाला, त्याच्या संस्थापकांत गुरूबरोबर शिष्यांचीही नावे आहेत. त्यास सत्र म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

यंदा गणेशोत्सवात भाऊ पुन्हा आला तो नवा कागद घेऊनच. दुसरी कंपनी, दुसरी अडचण. आठ पाने, सारी इंग्रजी. त्याने एकेक कलम मराठीत समजावून सांगितले आणि वडील पाटावर बसून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला व विचारले, "यात तुझे नाव कोठे आहे?" भावाने पाने उलटली. नाव शेवटच्या पानावर होते, सही करावयाच्या रेघेखाली. सही त्याने अजून केलेली नाही. सोमवारी प्राध्यापकांस भेटून विचारतो, म्हणाला.