सुटला कोण?

बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या गावात वर्षानुवर्षे वेडाच्या दुखण्याने पछाडलेला माणूस वारला, की मयतीला जमलेले लोक हमखास म्हणतात, "सुटला बिचारा!" बंधूभगिनींनो, सुटला कोण? तो, की आपण?

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे गंभीर मानसिक आजाराची माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात. त्यांतली पुष्कळ हृदयविकार, मधुमेह, क्षय अशा शरीराच्याच दुखण्यांनी जातात. पण तो "छातीत दुखतंय" म्हणाला, तर घरचे म्हणतात, "याची रोजचीच बडबड!" खरे दुखणे उमगते तेव्हा वेळ गेलेली असते. मग शेवटचे दिवस तो पडवीत एकटा काढतो.

मागल्या जन्मीचे भोग म्हणून हात झटकणे आपण धर्मांतराबरोबरच सोडले आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः धुतले. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. सेवा ही उपयोगाची परतफेड नव्हे, हेच त्यांनी कृतीने दाखविले.

"पण त्याचे डोके ठिकाणावर नाही, त्याला काय विचारायचे?" हा प्रश्न खरा आहे. मात्र असा आजार सदा सारखा नसतो. बऱ्या दिवसांत त्याला कळते, की घरी राहायचे की दवाखान्यात, उशाशी कोण हवे, नळ्या घालाव्यात की नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, की केवळ मानसिक आजार आहे म्हणून माणसाची निर्णयक्षमता गेली असे धरू नये. शरीराच्या रुग्णाइतकीच सेवा त्याला मिळावी. आपल्या मानसिक आजारावर कसे उपचार व्हावेत, हे आधी लिहून ठेवण्याचा व आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमण्याचा हक्कही तो देतो. असाध्य दुखण्यात नुसते आयुष्य लांबवणारे उपचार नकोत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली.

एक सावधगिरी हवी. "मला मरायचंय" हे पुष्कळदा खिन्नतेच्या रोगाचे बोलणे असते. त्यावर आधी औषधोपचार करावा. आपला थकवा त्याच्या इच्छेच्या नावावर खपवू नये. थकवा खोटा नाही. पण तो सारा एकट्या आईच्या किंवा बहिणीच्या माथी का? रात्रीची जागरणे भावाभावांनी, शेजाऱ्यांनी वाटून घ्यावीत.

वेदना थांबवणे, तोंडात पाणी घालणे, नावाने हाक मारणे, यासाठी माणूस शहाणा असावा लागत नाही. एवढे आपण केले, तरच "सुटला" म्हणण्याचा आपल्याला अधिकार.