अस्मानी, सुलतानी आणि तळमजल्यावरचा फ्लॅट

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमचा एव्हरशाईन सिटीतला फ्लॅट बघायला एक जोडपं आलं. नालासोपाऱ्यात भाड्याने राहणारं, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठं, कडेवर दीड वर्षाची मुलगी. फ्लॅट तळमजल्यावरचा, वन बीएचके. एजंटच्या सांगण्यावरून आम्ही नुकताच रंग काढून घेतला होता. त्या रंगाखाली हॉलच्या भिंतीवर, गुडघ्याच्या जरा वर, एक आडवी रेषा आहे. जुलै 2018 मध्ये पाणी तिथपर्यंत होतं.

नवऱ्याने विचारलं, "पावसात पाणी वगैरे येतं का?"

बाबा म्हणाले, "2018 ला आलं होतं थोडं. पण तेव्हा अख्ख्या वसईतच आलं होतं. निसर्गापुढे कोणाचं काय चालतं?"

तो समजुतीने हसला. मी गप्प राहिलो. 2018 नंतरही दोनदा पाणी उंबरा ओलांडून आत आलं होतं, हे बाबांनी सांगितलं नाही आणि मीही नाही. ते सांगायची वेळच आली नाही, कारण 'निसर्ग' हा शब्द आला आणि पुढचे सगळे प्रश्न मिटले. तेव्हापासून मी या शब्दाचा विचार करतो आहे.

2018 चं आधी सांगतो. 9 आणि 10 जुलैला वसई-विरारमध्ये पाऊस थांबलाच नाही. लोकल बंद पडल्या. नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी चढल्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या अडकल्या आणि एनडीआरएफने प्रवाशांना बोटींतून बाहेर काढलं. मिठागरांमधल्या वस्तीत शेकडो माणसं अडकून पडली. आमच्याकडे वीज नव्हती. फ्रिज तरंगू नये म्हणून बाबा त्याला धरून उभे होते, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही रात्र दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे काढली. सकाळी खाली आलो तेव्हा माझ्या इंजिनिअरिंगच्या वह्या गाळात होत्या.

आपल्याकडे संकटांना दोन जुने शब्द आहेत. आभाळातून येतं ते अस्मानी, राज्यकर्त्यांकडून येतं ते सुलतानी. 'हवामानबदल नैसर्गिक की मानवनिर्मित' हा वाद म्हणजे याच जोडीची नवी आवृत्ती. आमच्या घरात तो व्हॉट्सॲपवरून आला. बाबांच्या मते पृथ्वी आधीही तापायची, थंड व्हायची, हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा कुठे गाड्या होत्या?

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. हिमयुगं खरंच आली आणि त्यात माणसाचा हात नव्हता. पृथ्वीच्या कक्षेत आणि अक्षाच्या कलात हजारो वर्षांच्या लयीत बदल होतात, त्यामुळे ती आली-गेली. पण म्हणून आत्ताची वाढही तशीच, हे काही सिद्ध होत नाही. जंगलात वणवे माणसाच्या आधीपासून लागतात. म्हणून आज लागलेल्या आगीशेजारी काडेपेटी सापडली तर ती बघायचीच नाही, असं थोडंच आहे?

आणि काडेपेटी सापडली आहे. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, म्हणजे स्थितांबर, थंड होतोय. उष्णता खालीच अडकते आहे याची ही खूण. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजतात आणि त्यात वाढीचा कल नाही. ज्वालामुखी वर्षभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही नसतो. 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआवर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत दहा लाखांत 315 भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता तो 420 च्या पुढे गेलाय. हा वाढीव कार्बन कोळसा-तेलातला आहे हे त्याच्या समस्थानिकांवरून कळतं, कारण लाखो वर्षं जमिनीत पडलेल्या कार्बनची सही वेगळी असते. आयपीसीसीच्या 2021 च्या अहवालानुसार 2010 ते 2019 या दशकापर्यंत माणसामुळे झालेली तापमानवाढ अंदाजे 1.07 अंश आहे. म्हणजे जवळपास सगळीच.

हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पुण्याच्या आयआयटीएममधले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. त्यासाठी लागणारं बरंचसं बाष्प अरबी समुद्रातून येतं.

हे सगळं मी बाबांना ऐकवलं, स्क्रीनशॉटसकट. वाद जिंकला. बाबा म्हणाले, "बरं, माणसाने केलं. मग? कोणत्या माणसाने?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं: अमेरिका, तेल कंपन्या, बिल्डर, परवानग्या देणारे. यादी चुकीची नव्हती. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, अमेरिकेत चौदाच्या आसपास. 'आपण सगळेच जबाबदार' म्हणणं म्हणजे ज्याने पंगत उठेपर्यंत ताव मारला आणि ज्याच्या पानात फक्त मीठ वाढलं, त्या दोघांनी बिल अर्धंअर्धं भरावं असं म्हणणं. पण नंतर लक्षात आलं, की माझ्या यादीत माझं नाव कुठेच नव्हतं. बाबांनी 'निसर्ग' म्हणून जे साधलं, ते मी 'मानव' म्हणून साधलं होतं. दोन्ही शब्दांना पत्ता नाही. दोघांनाही नोटीस पाठवता येत नाही.

माझ्या कामात सर्व्हर बंद पडला की नंतर सगळे बसून कारण शोधतात. पहिलं उत्तर बहुतेक वेळा 'लोड अचानक वाढला' असं असतं. ते खरंच असतं. पण लोड बाहेरून आला तरी मर्यादा आम्ही ठरवलेली असते, अलार्म कोणीतरी बंद केलेला असतो आणि कोणीतरी सहा महिन्यांपूर्वी इशारा देऊन ठेवलेला असतो. 'लोड की आपण' असा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

महाराष्ट्राने हे फार मोठ्या किमतीत शिकलेलं आहे. 1876 ते 78 चा दुष्काळ पूर्णपणे अस्मानी म्हणावा असा होता. प्रशांत महासागरात जबरदस्त एल निनो होता, मान्सून फसला. त्यात माणसाचा काही दोष नव्हता. पण त्याच काळात देशातून धान्याची निर्यात चालू राहिली आणि दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा पुरेल, असं सरकारने ठरवलं. किमान पन्नास लाख माणसं मेली. पाऊस का पडला नाही, हे जोतीराव फुल्यांच्या हातात नव्हतं. 1877 मध्ये त्यांनी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उभा करून दुष्काळातल्या मुलांना जेवू घातलं. 1972 लाही पाऊस फसला. भूक होती, जनावरं गेली, मिलो आणि सुकडीच्या आठवणी घराघरांत आहेत. पण लाखो लोकांना सरकारी कामांवर मजुरी मिळाली आणि 1876 सारखे मृत्यू झाले नाहीत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी पुढे 1977 मध्ये कायदा झाली.

म्हणजे कारण शंभर टक्के नैसर्गिक असलं तरी जबाबदारी शून्य होत नाही. आणि कारण शंभर टक्के मानवी असलं तरी ती सगळ्यांवर सारखी पडत नाही. 'हे कुठून आलं' हा विज्ञानाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मिळालेलं आहे. 'कोणाला काय माहीत होतं आणि त्याच्या हातात काय होतं' हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर हवंच, कारण त्याशिवाय कोळसा जाळणं थांबवायचं की नाही हेच ठरत नाही. पण पहिल्यावर भांडत राहिलं की दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि ते बऱ्याच जणांच्या सोयीचं असतं.

वसईत हा दुसरा प्रश्न जुना आहे. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, दक्षिणेला खाडी, मधे सखल जमीन: भातशेती, खाजणं, मिठागरं. डोंगरावरचं पाणी इथे पसरायचं, थांबायचं आणि ओहोटीबरोबर निघून जायचं. ती जागा भराव टाकून उंच केली, की पाणी शेजारच्या सखल जागेत जातं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीचे लोक ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून या बेसुमार बांधकामाविरुद्ध बोलत होते. 2011 च्या जनगणनेपर्यंत वसई-विरार शहर बारा लाखांवर गेलं होतं. त्या बारा लाखांत आम्ही तिघे होतो.

बाबा लालबागच्या चाळीतले. गिरणी गेल्यावर मिळेल ती नोकरी केली आणि मुंबईत घर परवडेना म्हणून वसईला आले. तळमजला घेतला कारण तो स्वस्त होता. खाजण म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि असतं तरी दुसरा पर्याय कुठे होता? ज्यांच्या टेबलावर नकाशे होते त्यांच्या आणि बाबांच्या पारड्यात मी सारखं वजन टाकणार नाही. पण ऑक्टोबरच्या त्या दुपारी हॉलमध्ये उभे असताना माहिती आमच्याकडे होती आणि त्या जोडप्याकडे नव्हती. तेवढ्या वेळापुरते नकाशे आमच्या टेबलावर होते.

रात्री मी बाबांना म्हटलं की त्यांना सांगू या. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याला कोणी सांगितलं होतं? तुझी फी याच फ्लॅटवर कर्ज काढून भरली. खरं सांगून विकला तर चार-पाच लाख कमी येतील. ते कोण देणार?"

मी म्हटलं, "मी देईन." बोलायला सोपं होतं. नव्या घराच्या हप्त्यात ते अजून दर महिन्याला कापले जातात.

दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला फोन केला, तिन्ही वेळचं सांगितलं, 2018 चे फोटो पाठवले. जून लागला की आम्ही फ्रिज विटांवर चढवतो, कागदपत्रं माळ्यावर टाकतो आणि खालचे सॉकेट वापरत नाही, हेही सांगितलं. त्याने फक्त "थँक्यू" म्हटलं. आठवडाभराने एजंटचा फोन आला. त्यांनी फ्लॅट घेतला, साडेचार लाखांनी कमी किमतीत. सगळं माहीत असूनही घेतला, कारण तेवढंच परवडत होतं. बाबांसारखंच.

खरं सांगितल्याने मी सुटलो असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यांच्या हातात माहिती आली, पर्याय काही आला नाही. तो देणं माझ्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी नाले, मोऱ्या, नकाशे, परवानग्या आणि शेवटी कोळसा, या सगळ्यांबद्दल विचारत राहावं लागेल, सोसायटीच्या मीटिंगपासून मतदानापर्यंत. 'निसर्ग' म्हटलं की हे सगळं टळतं, म्हणून तो शब्द इतका आवडतो.

आता आम्ही जवळच पाचव्या मजल्यावर राहतो. परवा रात्रभर पाऊस लागला. पहाटे उठलो तर बाबा खिडकीशी उभे होते, खालच्या रस्त्याकडे बघत. मला म्हणाले, "त्यांना फोन केलास का?"