हजेरीपटाबाहेरचं

मरोळ नाक्यावरून मिलिटरी रोडच्या अंगाला वळलं की एका इमारतीचं काम चालू आहे. सकाळी साडेनऊच्या सुमारास मी तिथून जातो. पत्र्याच्या कुंपणाला लागून वाळूचा ढीग आहे आणि ढिगापाशी रोज तीच मुलगी उभी असते. आठ-नऊ वर्षांची असेल. कडेवर भाऊ. बाळ अंगानं चांगलं भरलेलं आहे, त्यामुळे त्याला पेलताना ती एका बाजूला पुरती कललेली असते. परवा समोरून गणवेशातली मुलं रांगेनं शाळेत निघाली होती. हिनं बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि रांग वळणापलीकडे जाईपर्यंत पाहत राहिली.

तिचंही नाव कुठल्यातरी हजेरीपटात असेल. गावाकडच्या, नाहीतर आधीच्या बांधकामाजवळच्या एखाद्या शाळेत. असलं तर त्यापुढे 'गैरहजर' एवढंच लिहिलेलं असणार.

हा शेरा मीही मारलेला आहे. शिकवत होतो तेव्हा एका मुलाच्या नावापुढे सलग दीड महिना मी 'गैरहजर' लिहिलं. त्याचं घर शाळेपासून चालत वीस मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. पुढे त्याचं नाव पटावरून कमी झालं, तेही माझ्याच अक्षरात. ही मुलगी दिसली की ते पान डोळ्यासमोर येतं. म्हणून या आठवड्यात अनुताई वाघांचं 'कोसबादच्या टेकडीवरून' पुन्हा वाचायला काढलं.

अनुताईंचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत बरीच वर्षं शिकवलं. नोकरी सांभाळून रात्रशाळेत जात १९३७ साली मॅट्रिक झाल्या. १९४५ साली आपल्या बोरिवलीत ग्रामसेविकांसाठी शिबिर भरलं. तिथं त्यांना ताराबाई मोडक भेटल्या. दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार उभा करून ताराबाई आता खेड्यातल्या मुलांकडे वळल्या होत्या. पस्तिशीच्या अनुताई पुण्यातली बसलेली घडी मोडून त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या.

तिथं बालवाडी निघाली, पण वस्तीतली मुलं येईनात. यावर 'या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. आजही कितीतरी जण तसं म्हणतात. या दोघींनी बालवाडी उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून आला. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो देशभर गेला.

पुढे त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या, वारल्यांच्या मुलांमध्ये. मुलं का येत नाहीत हे तिथं पाड्यापाड्यावर फिरून कळलं. कुणी गुरं राखतं, म्हणून शाळा कुरणात भरू लागली. गुरं चरताहेत तोवर मुलं शिकताहेत. ही कुरणशाळा. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, ते टाकून ती मुलगी येणार कशी? तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आले. बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. महागडी साधनं परवडणार नव्हती, ती जागा बिया, शिंपले, खडे आणि पानांनी घेतली. नखं काढणं, आंघोळ घालणं, केस विंचरणं हेही बाईच करत.

एवढं काम हाताशी असताना त्या लिहीतही राहिल्या. 'शिक्षणपत्रिका' चालवली, बालवाडीच्या कामाबद्दल पुस्तकं लिहिली आणि सत्तरीला आल्यावर, १९८० साली, हे आत्मकथन. मला त्यांचं लिहिणं शिकवण्याइतकंच मोलाचं वाटतं. हजेरीपटात मुलाच्या वाट्याला एक घर असतं, बोटाच्या पेराएवढं. त्यात 'गैरहजर' मावतं. गुरं, धाकटं भावंड, उपाशी पोट मावत नाही. आणि कारण कुठं लिहिलंच गेलं नाही की दोष आपोआप मुलाच्या नावावर चढतो. अनुताईंनी त्या घराबाहेरचं सगळं लिहून ठेवलं. ते लिहिण्याचा अधिकार त्यांना होता, कारण त्या पाड्यावर जाऊन आल्या होत्या. माझ्यापाशी तो नाही, त्या एका मुलापुरता तरी नाही.

आज कायदा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला २००९ च्या कायद्यानं शिक्षणाचा हक्क दिला. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा २०२५ पर्यंत सांगत होता की जिथं पन्नासहून अधिक बायका कामावर असतात तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. आमच्या रस्त्यावरच्या कामावर घमेली वाहणाऱ्या बायका डझनभर असतील. त्या अटीत हे काम बसलंच नसतं. बाळाला पाळणाघर नाही आणि बाळ कडेवर आहे तोवर बहिणीला शाळा नाही. कायदे आपापल्या जागी असतात आणि ती मुलगी वाळूच्या ढिगापाशी उभी राहते. कोसबादला पाळणा आणि पाटी एका छपराखाली का आणली होती, हे मला पुस्तकात वाचून जितकं समजलं नव्हतं तितकं इथं समजलं. आणि ही काही दूरच्या डोंगरावरची गोष्ट नाही. मरोळला लागून असलेल्या आरेच्या पाड्यांवर आजही वारली कुटुंबं राहतात.

काल मी थांबलो. ती आधी बावरली, एक पाऊल मागे सरकली. मी फूटपाथच्या कडेला टेकलो आणि तिला नाव विचारलं. तिनं बाळाच्या कपाळावर आलेले केस मागे सारले आणि त्याचं नाव सांगितलं.

"आणि तुझं?" मी म्हणालो.