माहेर कोणी व्हावे?

सज्जनहो, आपण वारकरी पंढरीला माहेर म्हणतो. हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की त्याचा अर्थ विचारावा असे वाटतच नाही. आज तो विचारू. लेक दारात आली असता 'का आलीस, किती दिवस राहणार?' असे जिथे कोणी विचारीत नाही, ते माहेर.

आता आपल्या वऱ्हाडचीच लेक पाहा. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या तीरी कौंडिण्यपूर आहे. तिथल्या भीष्मकाची कन्या रुक्मिणी. भाऊ रुक्मी तिला शिशुपालास देऊ लागला, तेव्हा तिने भगवंताला पत्र पाठविले आणि बापाचे घर सोडले. पुढे द्वारकेतही मन दुखावले, म्हणून रुसून ती दिंडीरवनात आली, अशी पंढरीची कथा. जगाची माउली, पण तिलाही दोनदा घर सोडावे लागले! तरी तिचे एक भाग्य मोठे. दर आषाढीला कौंडिण्यपुराहून पालखी निघते, शेकडो मैल चालते आणि पंढरीस पोचते. लेकीकडे माहेरचे माणूस येते.

मग मनात येते, जिच्या माहेरची पालखी कधीच येणार नाही, तिने कुणाच्या वाटेकडे डोळे लावावे?

अशा लेकी आपल्या वऱ्हाडात आल्या आहेत. १९४७ साली देशाची फाळणी झाली. पंजाब, बंगाल वाटले गेले. सिंध मात्र सगळाच्या सगळा पाकिस्तानात गेला. पंजाब्याला निदान अर्धा पंजाब इकडे उरला, सिंध्याला वीतभरही नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि माणसांचे लोंढे निघाले. पुष्कळांनी घराला कुलूप लावले, किल्ली बरोबर घेतली. चार दिवसांत परत येऊ अशी समजूत! त्यांतली कितीतरी कुटुंबे अमरावती-अकोल्याला येऊन राहिली. बाया पापड लाटू लागल्या, लोणची घालू लागल्या. सिंधू नदी मागे राहिली, पण चेटीचंडाला झूलेलालाची पूजा त्यांनी सोडली नाही.

अमरावतीत रामपुरी कॅम्प आहे, अकोल्यात सिंधी कॅम्प आहे. कॅम्प म्हणजे छावणी. तिथे पक्की घरे झाली, नातवंडे-पतवंडे झाली. पण आपल्या तोंडचा 'कॅम्प' काही गेला नाही. इथेच जन्मलेली, वऱ्हाडी बोलणारी पोर, तिलाही आपण विचारतो, "तू मूळची कोठची वं बाई?" ती काय सांगेल? जे गाव तिने पाहिले नाही त्याचे नाव सांगायचे, की ज्या गावात जन्मली तिथे पाहुणी व्हायचे?

दुसऱ्या लेकी तर आपल्या डोंगरातल्याच. १९७४ साली मेळघाटात व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे आतली गावे उठली आणि कोरकू कुटुंबे अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आली. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नव्हे. रान गेले, मोहाची झाडे गेली, शेजारणीचा शब्द कळेना. काही गावांची माणसे २०१९ साली पुन्हा जंगलात गेली. पैसा मिळाला म्हणजे घर मिळाले असे नसते, हे त्यांनी पायांनी सांगितले.

यावर कोणी ज्ञानी म्हणेल, "अहो, हा देहच भाड्याचा, जीवाचे घर वैकुंठ. मग एवढी हळहळ कशाला?" बरोबर आहे. पण हे वाक्य आपल्या घराकडे बघून म्हणावे, दुसऱ्याच्या मोडल्या घराकडे बघून म्हणू नये. वैराग्य आपल्यासाठी, दया दुसऱ्यासाठी. आपल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हे करून दाखविले. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे त्यांनी लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र त्यांत बिऱ्हाड केले नाही. १९५६ साली वलगावजवळ देह ठेवला तोही वाटेवरच.

मग आपण काय करावे? मायबाप हो, थोडेच करावे. हळदीकुंकवाला तिला बोलवावे. तिच्या सणाला आपण जावे. तिच्या भाषेतले दोन शब्द शिकावे. आणि 'आमच्यासारखी हो, मग आमची' अशी अट घालू नये. सासरी लेकीचे नाव बदलते. माहेरी तिला जुन्याच नावाने हाक मारतात. ज्या हाकेने आई तिला बोलवीत होती, ती हाक आपल्या आळीत ऐकू आली, म्हणजे तिला माहेर सापडले.

रुक्मिणीची पालखी निघते तेव्हा आपण दुतर्फा उभे राहून हात जोडतो. ती आपली लेक म्हणून. या दुसऱ्या लेकींकडे कोण जाणार? त्यांच्या माहेरचा रस्ता बंद आहे. आपल्या घरापासून त्यांच्या घरापर्यंतचा रस्ता मात्र उघडा आहे, आणि तो चार पावलांचा आहे. तीही वारीच समजावी.

रामकृष्णहरि.