काय चुकलं, तेवढं सांगा

पुण्यात इंजिनिअरिंगला आलो तेव्हा आईला दोनच काळज्या होत्या. पोरगा जेवेल कुठे, आणि एम-थ्री सुटेल का. पहिली काळजी कर्वेनगरातल्या एका मेसने मिटवली. दुसरीबद्दल न बोललेलं बरं.

मेस म्हणजे काकूंच्या घराची पुढची खोली. चार टेबलं, स्टीलची ताटं आणि दाराशी खिळ्याला अडकवलेली खाड्यांची वही. गावाला जायचं तर आदल्या दिवशी सांगायचं, नाहीतर खाडा धरला जायचा नाही. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री सुट्टी. ताटात भाजी राहिली की काकू समोर येऊन उभ्या राहायच्या. "काय रे, काय चुकलं?" खारट झालीये, तिखट झालीये, की पोटच बरं नाही? उत्तर दिल्याशिवाय ताट उचलता यायचं नाही. तेव्हा वैताग यायचा.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, पोरं गावाला गेली आणि वही रिकामी झाली. मी नुकताच नोकरीला लागलेला, हिंजवडीचं ऑफिस बंद म्हणून कर्वेनगरातच फ्लॅटवर बसून काम करत होतो. काकूंचा फोन आला, "ते घरपोच जेवणाचं अ‍ॅप असतं ना, त्यात आपल्याला घेतात का रे?" मग मी त्यांची एफएसएसएआयची नोंदणी केली. छोट्या धंद्याला त्याची फी तेव्हा वर्षाला फक्त शंभर रुपये होती. पॅन, बँक खातं जोडलं. आमटीचा वाटा खिडकीपाशी ठेवून फोटो काढले. जुलैत पहिली ऑर्डर आली तेव्हा काकूंनी फोन करून सांगितलं, आणि ती कुणाकडची असेल याचा तर्क करत आम्ही पाच मिनिटं घालवली.

ऑगस्टमध्ये त्यांना पहिला एक तारा मिळाला. खाली एक अक्षर नाही.

"हा कोण आहे ते बघशील का?" काकूंनी विचारलं. मला वाटलं, भांडायचं असेल. तसं नव्हतं. "मला फक्त विचारायचंय, काय चुकलं ते."

मी त्यांच्या फोनवर ती ऑर्डर उघडली. जेवण सव्वानऊला तयार होतं. ते न्यायला माणूस आला दहाला पाच कमी असताना. बाहेर धो धो पाऊस. म्हणजे पोळ्या चाळीस मिनिटं पिशवीत पडून होत्या. बहुतेक हेच चुकलं असावं. पण हाही माझा तर्कच. कदाचित आमटी खरंच बिघडली असेल. कदाचित त्या माणसाचा त्या दिवशी पगार कापला गेला असेल. एका ताऱ्यातून यातलं काहीच कळत नाही.

आता थोडं गणित. तेव्हा काकूंना वीस जणांनी रेटिंग दिलं होतं आणि सरासरी होती ४.६. साध्या सरासरीत एका ताऱ्याने ती ४.४ होते. परत ४.६ वर यायला लागोपाठ नऊ जणांनी पाचपैकी पाच द्यायला हवेत. हाच एक तारा पाच हजार रेटिंग असलेल्या मोठ्या हॉटेलला द्या, तिथे ४.६ चे ४.६ च दिसतात. म्हणजे माझ्या बोटाचं वजन समोरचा जितका लहान तितकं जास्त. मोठ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे गणित मला आधीपासून यायचं, कारण मी तसल्याच चौकटी बनवायचो. माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये विम्याच्या एका अ‍ॅपसाठी मी रेटिंगची खिडकी लिहिली होती. पहिल्या आवृत्तीत कमी तारे दिले तर कारण लिहिणं सक्तीचं होतं. पण लिहायचं म्हटलं की लोक खिडकीच बंद करायचे. मग मीटिंग झाली, सक्ती काढायची ठरली. डेटाबेसमध्ये त्या रकान्याला रिकामं राहायची परवानगी देणारा बदल मीच केला. काम दहा मिनिटांचं. प्रतिसाद वाढले, सगळे खूश झाले, मीही झालो. 'काय चुकलं' हा प्रश्न आम्ही त्या दिवशी ऐच्छिक करून टाकला.

काकूंकडून परत येताना मी माझ्या फोनवर माझ्या जुन्या ऑर्डरी उघडल्या. एका डोशाच्या दुकानाला मी एक तारा दिला होता. का दिला होता, ते मला आठवेना. बराच वेळ विचार केला. डोसा आठवला नाही, राग आठवला नाही. तारा तेवढा तिथे होता.

इथवर आलं की 'जुनं ते सोनं' म्हणून लेख संपवता येतो. मेसमध्ये तोंडावर बोलायचे, अ‍ॅपमध्ये पाठीमागे मारतात, आपण माणुसकी हरवली, वगैरे. पण त्या मेसबद्दल मी अजून एक गोष्ट सांगितलेली नाही.

पहिल्या दिवशी मेस लावायला माझ्यासोबत माझा रूममेट आला होता. काकूंनी दोघांना गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं, त्यानेही सांगितलं. तीन दिवस आम्ही एकत्र जेवलो. चौथ्या दिवशी त्या त्याला म्हणाल्या, "अरे, जागा नाही रे आता, दुसरीकडे बघ." माझ्यानंतर आठवड्याभरात आणखी दोघांना जागा मिळाली. मी ते पाहिलं, पोळी मोडली आणि जेवलो. नंतर चार वर्षं तिथेच जेवलो. त्याने मला कधी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

तर समोरासमोरचं जग असं होतं. ज्याचा चेहरा आणि आडनाव चालायचं, त्याला "काय चुकलं" विचारलं जायचं. अ‍ॅपवर जेवणाऱ्याचं आडनाव कुणी विचारत नाही. कदाचित माझ्या रूममेटच्या घरीही काकूंची आमटी कधी गेली असेल आणि त्यांना पत्ताही नसेल. बिनचेहऱ्याच्या व्यवहाराने एवढी मोकळीक नक्की दिली. ज्यांच्या तक्रारीला पूर्वी दाराच्या आतही जागा नव्हती, त्यांच्याही हातात आज पाच तारे आहेत. ते काढून घ्या असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

मग दयेपोटी सगळ्यांना पाच तारे द्यावेत का? तेही पटत नाही. माझ्यानंतर जेवण मागवणारा अनोळखी माणूस माझ्या ताऱ्यांवर विश्वास ठेवतो. शिळ्या भाजीला मी पाच दिले, तर काकूंसारख्या कुणावर दया आणि त्याची फसवणूक. शिवाय सगळेच पाच देऊ लागले की चार म्हणजे शिवी होते. ओला-उबरमध्ये बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

गेल्या दिवाळीत रूममेट भेटला. बऱ्याच वर्षांनी निवांत बोललो. बोलता बोलता मी काकूंच्या त्या एका ताऱ्याची गोष्ट सांगितली. त्या कशा दोन दिवस विचारत होत्या, काय चुकलं, काय चुकलं. तो हसला नाही. म्हणाला, "मलाही तेच विचारायचं होतं."

त्यानंतर मला दोन्ही गोष्टी एकच दिसायला लागल्या. 'जागा नाही' हाही कारण न देता दिलेला एक ताराच होता. फरक एवढाच, की काकूंना मिळालेल्या ताऱ्यामागे सांगण्यासारखं कारण असू शकतं. काकूंनी दिलेल्या ताऱ्यामागचं कारण त्यांना तोंडाने उच्चारता आलं नसतं, म्हणून त्यांनी जागेचं नाव पुढे केलं. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९५ च्या एका निबंधात साधारण अशी कसोटी सांगितली आहे: इतरांशी वागण्याचं जे तत्त्व उघड केलं की टिकत नाही, ते अन्यायाचं असतं. तो राज्यांच्या कारभाराबद्दल बोलत होता. पण मेसच्या दाराला आणि फोनवरच्या ताऱ्यालाही ती लागू पडते.

काही लोक असलं कारणही बेधडक सांगतात, हे मला माहीत आहे. २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने जेवण आणणारा मुस्लिम आहे म्हणून ऑर्डर रद्द केली आणि तसं ट्विटरवर लिहिलं. पण कारण उघड्यावर आलं, म्हणूनच त्याला उत्तर देता आलं. मुकाट्याने एक तारा देऊन तो मोकळा झाला असता, तर आकडा खाली आला असता आणि कुणाला काही कळलं नसतं.

म्हणून मला आता वाटतं, नाव लपवायला हरकत नाही, कारण लपवू नये. दुबळ्याला नाव लपवण्याची गरज असू शकते. कारण लपवण्याची गरज मात्र बहुतेक वेळा आळशाला असते, नाहीतर ज्याचं कारण वाईट आहे त्याला. मी स्वतःपुरता नियम केलाय: तीनपेक्षा कमी तारे द्यायचे तर एक वाक्य लिहायचंच. 'पोळ्या थंड होत्या, पण पावसात उशीर झाला होता.' गंमत म्हणजे वाक्य लिहायला बसलं की अर्ध्या वेळा तारे वाढतात. कधी लिहिता लिहिता कळतं, राग जेवणावर नव्हताच.

काकूंकडे या रविवारी जायचंय. आता त्यांना पाचशेच्या वर रेटिंग आहेत, एका ताऱ्याने काही होत नाही. तरी रोज रात्री चष्मा लावून त्या सगळं वाचतात. रूममेटबद्दल त्यांना विचारायचं मी ठरवलंय. दहा वर्षं उशिरा. रागावतील, कदाचित आठवत नाही म्हणतील. त्याला मी सांगितलं, तर म्हणाला, "माझं नाव सांगितलंस तरी चालेल."